सुधारणा टेलला पोचली का?



राष्ट्रीय जलधोरणाच्या कसोटीवर महाराष्ट्र किती पुढे गेला, एवढ्याच प्रश्नावर आज मी बोलणार आहे. या प्रश्नाला मंत्रालयात मिळणारं उत्तर मला ठाऊक आहे. तिथे कायद्यांची यादी वाचून दाखवली जाते आणि त्या यादीतलं काहीही खोटं नसतं. माझं उत्तर शोधायला मात्र कालव्याच्या शेवटच्या चारीवर जावं लागतं. तिथल्या शेतकऱ्याला ‘टेल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पाणी सुटल्याची बातमी त्याच्यापर्यंत येते, पाणी येत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या राज्यघटनेत पाणी हा राज्यांचा विषय आहे. आंतरराज्य नद्यांच्या बाबतीत केंद्राला अधिकार आहेत, पण धरणातलं पाणी कोणाला, किती आणि कोणत्या दराने द्यायचं हे राज्य ठरवतं. त्यामुळे १९८७, २००२ आणि २०१२ ची राष्ट्रीय जलधोरणं ही एका अर्थाने केंद्राने राज्यांना केलेली शिफारस आहे. नदीखोरं हे नियोजनाचं एकक माना, पाणी मोजून द्या, सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे सोपवा, भूजलावर नियंत्रण आणा, दर ठरवायला स्वतंत्र नियामक नेमा, असा त्या शिफारशींचा गाभा आहे. त्यांना कायद्याचं बळ द्यायचं काम राज्यांच्या विधिमंडळांचं.

महाराष्ट्राने ते केलं, आणि इतरांच्या आधी केलं, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाचा अहवाल १९९९ मध्ये आला. राज्याची स्वतःची जलनीती २००३ मध्ये आली. २००५ मध्ये दोन कायदे झाले : एक महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि दुसरा सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा. पाण्यासाठी असं स्वतंत्र नियामक प्राधिकरण उभं करणारं आपलं राज्य देशात पहिलं. पुढे तेराव्या वित्त आयोगाने जलक्षेत्रासाठी पाच हजार कोटींचं अनुदान सुचवलं, तेव्हा राज्यांनी असं प्राधिकरण नेमावं ही अट त्याला जोडली होती. म्हणजे आपण जे केलं ते देशाने नमुना म्हणून घेतलं. हे दोन कायदे झाले त्याच काळात जागतिक बँकेचं सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलरचं कर्जही राज्याच्या जलक्षेत्र सुधार प्रकल्पाला मिळालं. कायद्यांची घाई आणि कर्जाची वेळ यांचा संबंध अनेकांनी दाखवला आहे. मला त्यात फार रस नाही. कर्जामुळे का होईना, कायदा चांगला झाला असेल तर तो आपला आहे. तो आपण वापरला का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

२००५ च्या या कायद्यांत पाण्याच्या हक्काची कल्पना आहे. धरणात जेवढं पाणी असेल त्यातला ठरलेला वाटा शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेच्या नावावर, घनमीटरमध्ये. साहेबांच्या मर्जीवर नाही, पुढाऱ्याच्या फोनवर नाही. धरण साठ टक्के भरलं तर त्या प्रमाणात सगळ्यांचा वाटा कमी होईल. हेडच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्या, शेतकऱ्याचा जेवढा घटेल तेवढाच टेलच्या शेतकऱ्याचा. संस्थेने ते पाणी कोणत्या पिकाला वापरावं हे संस्था ठरवील. आपल्याकडे सिंचनाची परंपरागत पद्धत वेगळी होती. शेतकरी नमुना नंबर सातचा अर्ज भरणार, कोणतं पीक किती क्षेत्रावर ते लिहिणार, शाखेत मंजुरी होणार, मग शेजपाळीने पाणी मिळणार आणि पाणीपट्टी पिकाच्या एकरावर लागणार. त्यात पाणी मोजायची गरजच नव्हती. न मोजलेलं पाणी ज्याचा हात आधी पोचेल त्याचं होतं. नवा कायदा हे उलटवू पाहत होता.

त्यासाठी लागणारी गोष्ट अगदी साधी आहे. चारीच्या तोंडाशी सिमेंटचा गळा असलेला प्रवाहमापक बांधायचा, त्यावर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी लावायची. पाण्याची उंची पट्टीवर वाचायची, तक्त्यात बघायची, म्हणजे सेकंदाला किती लिटर पाणी जातंय ते कळतं. वेळ लिहिली की घनमीटर निघतात. दहावी झालेला मुलगा हे काम करू शकतो. राज्यातल्या कालव्यांवर आज तुम्ही फिरलात तर असे प्रवाहमापक तुम्हाला दिसतील. काहींची पट्टी निघून गेलेली असते, काहींच्या गळ्यात गाळ आणि गवत असतं, काहींच्या खालच्या बाजूला पाणी तुंबल्याने वाचलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. मोजणी बंद पडली की हक्क संपतो. कायदा पुस्तकात राहतो आणि चारीवर पुन्हा जुनं राज्य सुरू होतं. सुधारणेचा शत्रू कोणी मोठा खलनायक असतो असं आपल्याला वाटतं. मला तो बऱ्याचदा या गाळातच दिसतो.

पण हे जमतं. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर ते जमलेलं आहे. धरण दिंडोरी तालुक्यात, कालव्याचं शेपूट ओझरकडे. शेपटाला पाणी पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले आणि १९९१ च्या सुमारास तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या : महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. लक्षात घ्या, सुरुवात टेलपासून झाली. सरकारी योजनांची सुरुवात नेहमी हेडपासून होते, कारण तिथे पाणी असतं, उद्घाटन शोभतं. इथे ज्यांना पाणी मिळत नव्हतं ते आधी संघटित झाले, त्यांनी पाटबंधारे विभागाशी करार केला आणि आमच्या वाट्याचे घनमीटर आमच्या तोंडाशी मोजून द्या अशी मागणी केली. मग वरच्या गावांनाही संस्था कराव्याशा वाटल्या. २००३ पर्यंत प्रकल्पावरच्या चोवीस संस्था झाल्या आणि सगळ्यांचा मिळून प्रकल्पस्तरीय महासंघ झाला. २००५ चा कायदा त्यानंतरचा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वाघाडच्या शेतकऱ्यांनी आणखी एक शहाणपण केलं. वाट्याचं सगळं पाणी त्यांनी शेतावर सोडलं नाही. त्यातलं काही ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत अडवलं, मुरवलं आणि विहिरींतून घेतलं. विहीर माझी म्हणून तिच्यातलं पाणीही माझं, हा हट्ट सोडून विहिरीच्या पाण्याचीही पट्टी संस्थेला द्यायची हे त्यांनी मान्य केलं. कालव्याचं पाणी आठवडा-पंधरवड्यातून एकदा येणार, तर द्राक्षबागेला ते रोज थोडं लागतं. विहिरीने हा मेळ घातला आणि ठिबकही परवडलं. पाटाचं पाणी आणि भूजल यांचा एकत्रित वापर करा असं धोरणात लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ हा. पाण्याचा हक्क निश्चित असेल तर माणूस पुढच्या पाच वर्षांचं पीक ठरवतो, कर्ज घेतो, बाग लावतो. निश्चित नसेल तर आज मिळतंय तेवढं ओढून घेतो.

मग वाघाडचं राज्यभर का झालं नाही? संस्था तर हजारोंनी नोंदल्या गेल्या. २००६ मध्ये सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याचे नियमही आले. माझं निदान असं की नोंदणी हे उद्दिष्ट झालं आणि हस्तांतरण मागे राहिलं. चारी दुरुस्त करून, प्रवाहमापक बसवून, संयुक्त पाहणी करून, करार करून पाणी संस्थेच्या ताब्यात द्यायचं, ही साखळी पुरी झाली तरच संस्था जिवंत होते. अनेक ठिकाणी अध्यक्ष झाला, शिक्का झाला, बँकेत खातं उघडलं आणि पाणी मात्र पाटकऱ्याच्याच हातात राहिलं. उपाध्ये यांच्यासारखी पदरमोड करून वर्षानुवर्षं गावात बसणारी माणसं कायद्याने निर्माण होत नाहीत हे खरं. पण अशी माणसं असली तरच चालेल असा कायदा करून सरकारला मोकळं होता येणार नाही.

आता वरच्या मजल्यावर येऊ. प्राधिकरणाच्या कायद्यात राज्य जलमंडळ आणि राज्य जलपरिषद अशा दोन संस्था आहेत. मंडळाचे अध्यक्ष मुख्य सचिव, परिषदेचे अध्यक्ष मुख्यमंत्री. मंडळाने राज्यातल्या पाचही नदीखोऱ्यांचे आराखडे एकत्र करून एकात्मिक राज्य जल आराखडा करायचा, परिषदेने तो मंजूर करायचा आणि त्या आराखड्याशी सुसंगत असतील तेच नवे प्रकल्प प्राधिकरणाने मंजूर करायचे. अतिशय योग्य रचना. खोऱ्यात पाणीच शिल्लक नसेल तर नवं धरण बांधून उपयोग काय? प्रत्यक्षात काय झालं? जलपरिषद बसायला जवळजवळ दहा वर्षं गेली. आराखडा नव्हता, तरी दरम्यान एकशेनव्वदच्या आसपास प्रकल्पांना मान्यता दिली गेली. वाल्मी या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतून निवृत्त झालेले प्राध्यापक प्रदीप पुरंदरे यांनी २०१४ मध्ये औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका दाखल केली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. न्यायालयाने आराखडा होईपर्यंत नव्या प्रकल्पांची मंजुरी रोखली. २०१८ मध्ये आराखडा हाती आला. कायदा २००५ चा, आराखडा २०१८ चा, आणि मधे एका निवृत्त शिक्षकाची चिकाटी. याला प्रगती म्हणायचं असेल तर ती त्या माणसाच्या नावावर लिहायला हवी.

पुरंदरे आणखी एक गोष्ट अनेक वर्षं सांगत आले आहेत, ती ऐकायला रुक्ष आहे पण निर्णायक आहे. आपला पाटबंधारे अधिनियम १९७६ चा. त्याचे नियमच केले गेले नाहीत. जुन्या मुंबई कालवे नियमांवर काम चालत राहिलं. नदी, धरण, लाभक्षेत्र यांच्या अधिसूचना नीट निघाल्या नाहीत. कायद्याच्या दृष्टीने तुमचं शेत लाभक्षेत्रात आहे की नाही हेच नक्की नसेल तर तुम्ही हक्क कशाच्या आधारे मागणार? तीच गोष्ट खोरे अभिकरणांची. १९९६ ते १९९८ दरम्यान कृष्णा, विदर्भ, कोकण, तापी आणि गोदावरी मराठवाडा ही पाच महामंडळं स्थापन झाली, ती प्रकल्पांसाठी पैसा उभारून बांधकाम करायला. २००५ च्या कायद्याने त्यांनाच नदीखोरे अभिकरण म्हटलं. पण बांधकामाची संस्था नाव बदलून खोऱ्याची विश्वस्त होत नाही. नद्यांचा प्रवाह, भूजल, प्रदूषण, शहरांचं सांडपाणी, टेलची चारी हे सगळं पाहणारी माणसं आणि अधिकार तिथे यावे लागतात. ते आले नाहीत.

बांधकामावर भर राहिल्याचा परिणाम सगळ्या राज्याने पाहिला. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांतली सिंचन क्षेत्राची वाढ ०.१ टक्का दिसली आणि वादळ उठलं. सरकारने श्वेतपत्रिका काढून तो आकडा नाकारला, वाढ कितीतरी जास्त असल्याचं मांडलं. कोणाचं खरं? मोजणी नसेल तर दोघांचंही सिद्ध होत नाही. मला सर्वांत जास्त खटकलं ते त्यानंतरचं. आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राची ती टक्केवारी पुढची अनेक वर्षं छापलीच गेली नाही. आकडा वादग्रस्त असेल तर तो सुधारून अधिक काटेकोर छापायचा, की जागा कोरी ठेवायची?

पाण्याचा अग्रक्रम हाही असाच प्रश्न. २००२ च्या राष्ट्रीय धोरणात पिण्याच्या पाण्यानंतर शेती होती. आपल्या २००३ च्या जलनीतीने उद्योग दुसऱ्या क्रमांकावर आणला आणि शेती तिसऱ्या. २०११ मध्ये तो क्रम बदलावा लागला, कारण तोवर धरणांतलं शेतीचं पाणी शहरांना आणि कारखान्यांना वळवण्याचे निर्णय मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने एकामागून एक घेतले होते. पेणच्या हेटवणे धरणाखालचे आणि विदर्भात ऊर्ध्व वर्धाखालचे शेतकरी विचारू लागले : असं वाटप करायचा अधिकार तर कायद्याने प्राधिकरणाला दिला आहे, मग हे निर्णय झाले कसे? प्रश्न बिनतोड होता. त्याला उत्तर म्हणून कायदाच दुरुस्त केला गेला. क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधीच्या निर्णयांना संरक्षण मिळालं. लोकप्रतिनिधींनी वाटप ठरवावं यात तत्त्वतः चूक नाही. प्राधिकरणावरच्या निवृत्त अधिकाऱ्यांपेक्षा ते जनतेला जास्त उत्तरदायी असतात, हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो. पण मग ज्याचं पाणी जातंय त्याला नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐकून घ्या, कारणं लिहून निर्णय द्या. अधिकार वर गेला आणि सुनावणी गळून पडली. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

जायकवाडीबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण कायद्याची खरी परीक्षा तिथे झाली. पैठणजवळच्या या धरणाच्या जलाशयाचा, नाथसागराचा, एकूण साठा १०२ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) जास्त, त्यातला उपयुक्त साडेशहात्तर टीएमसीच्या आसपास. वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, पालखेड, मुळा, भंडारदरा, निळवंडे अशी धरणं. पाऊस सह्याद्रीच्या कुशीत पडतो, वरची धरणं आधी भरतात, खाली मराठवाडा वाट बघतो. प्राधिकरणाच्या कायद्यातलं कलम १२(६)(क) म्हणतं की टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सर्व धरणांतल्या साठ्याची टक्केवारी शक्य तितकी सारखी राहावी. हे कलम बरीच वर्षं नुसतं छापलेलं होतं. मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी ते बाहेर काढलं. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये वरच्या धरणांनी कोणत्या परिस्थितीत किती पाणी सोडायचं याचे तक्ते दिले, सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्यावर आदेश काढला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, असं त्याचं सूत्र.

सूत्र सोपं, अंमलबजावणी जिवावर येणारी. २०१८ मध्ये सुमारे नऊ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, २०२३ मध्ये ८.६ टीएमसीचा. २०२३ चा आदेश ऑक्टोबरच्या शेवटी निघाला आणि पाणी नोव्हेंबर सरत आला तेव्हा वाहू लागलं. दरम्यान आंदोलनं, याचिका, पुढाऱ्यांची पत्रं. पाणी सोडताना नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या पंपांची वीज तोडावी लागते, पोलीस उभे करावे लागतात. कोरडं पात्र आधी आपली तहान भागवतं. जेवढा उशीर तेवढी घट जास्त, आणि ही घट दोन्ही बाजूंची असते : नाशिकचं पाणी जातं आणि पैठणला पोचत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात, पात्र ओलं असताना, भांडण न होता पाणी सोडलं तर त्याच टीएमसीत जास्त काम होईल. दरवर्षी न्यायालयात जावं लागणं ही कायद्याची अंमलबजावणी नव्हे.

नाशिक-नगरच्या शेतकऱ्याला खलनायक करणं मला मान्य नाही. त्याने धरण बघून बाग लावली. त्याची भीती खरी आहे. पण जायकवाडीच्या खालच्या माणसालाही एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो मराठवाड्यातल्या लोकांनी स्वतःला विचारला तर जास्त बरं : वरून भांडून आणलेलं पाणी कोणाच्या शेतात जातं? राज्यातल्या पिकांखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास जागेवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा घेतो. कृषी मूल्य आयोगाच्या अहवालात तो सत्तर टक्क्यांच्या घरात सांगितला आहे. बारमाही पिकाला ठिबक-तुषारसारख्या पाणी वाचवणाऱ्या पद्धतीशिवाय कालव्याचं पाणी देऊ नये अशी तरतूद प्राधिकरणाच्या कायद्यात आहे, फक्त त्यासाठी क्षेत्र अधिसूचित करावं लागतं. २०१७ मध्ये मंत्रिमंडळानेही ऊसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं. साखर कारखाना, सोसायटी आणि आमदारकी एकाच घरात असलेल्या भागात ती सक्ती कोण करणार, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

न्याय्य वाटपाचा विचार आपल्याला दिल्लीने शिकवला नाही, हेही या ओघात सांगतो. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, त्याला कमाल मर्यादा, ऊस बंद, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. पुढे आटपाडीच्या परिषदांमधून समन्यायी पाणीवाटपाची चळवळ वाढली. आपल्या प्राधिकरणाच्या कायद्यात मात्र भूमिहीनाला जागा नाही. उलट दोनपेक्षा जास्त अपत्यं असलेल्यांना दीडपट पाणीपट्टी, असं कलम त्यात आहे. पाण्याच्या कायद्यात ते कशासाठी, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही. ते रद्द करायला हवं.

भूजलाचं थोडक्यात सांगतो, जरी राज्यातली बहुतेक बागायत विहिरी-बोअरवर उभी आहे. आपल्या राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा. पाणी मावतं ते भेगांत आणि मुरमाच्या थरात. साठा लहान, उपसा मोठा. केंद्राने नमुना कायदा दिला, आपण २००९ मध्ये भूजल कायदा केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जून २०१४ पासून लागू झाला. नियमांचा मसुदा त्यानंतर चार वर्षांनी, २०१८ मध्ये. पाणलोट समित्या, पीक आराखडा, खोल विंधन विहिरींवर बंधन असं सगळं त्यात आहे. पण बोअरची गाडी रात्री गावात येते तेव्हा तिला कोणत्या कागदाच्या आधारे थांबवायचं हे ग्रामसेवकाला आजही सांगता येत नाही.

तेव्हा मागायचं काय? मी नव्या धोरणाची मागणी करत नाही. १९७६ च्या अधिनियमाचे नियम करा. लाभक्षेत्राच्या अधिसूचना काढा. प्रत्येक प्रकल्पावर प्रत्येक आवर्तनानंतर हेडला किती आणि टेलला किती घनमीटर दिले ते गावाच्या चावडीवर लावा. सिंचित क्षेत्राची टक्केवारी पुन्हा छापा. १५ ऑक्टोबरला गोदावरी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांचे साठे एकाच कागदावर प्रसिद्ध करा आणि तक्त्याप्रमाणे जे सोडायचं ते त्याच आठवड्यात सोडा. यातल्या एकाही गोष्टीला नवं धरण लागत नाही, कर्ज लागत नाही.

आणि आपल्याकडूनही एक काम व्हायला हवं. रब्बीच्या आधी तुमच्या प्रकल्पाची कालवा सल्लागार समिती बसेल. अध्यक्षस्थानी मंत्री किंवा आमदार असतील, आवर्तनं किती आणि केव्हा यावर चर्चा होईल. त्या बैठकीला पाणी वापर संस्थांचे लोक म्हणून जा, बायकांना बरोबर घेऊन जा, आणि शेवटच्या तीन चाऱ्यांची नावं घेऊन विचारा की गेल्या वर्षी तिथे किती घनमीटर पाणी मोजून दिलं. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.